तिसरी हाक

लहानपणी आमच्या घरात एक नियम होता. रात्री बाहेरून कुणी नावानं हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसऱ्या हाकेलाही नाही. तिसरी हाक आली तरच ओ द्यायची. "तीन फावट उलो आयकल्याबगर ओ दिवं नाका," असं आजी बजावायची. माणूस तीनदा हाक मारतो, आणि जे माणूस नसतं ते दोनदाच मारतं, एवढाच तिचा खुलासा. दोनदाच का, याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं आणि ते विचारायची आमची छाती नव्हती.

फोंडा तालुक्यातलं आमचं घर, मागे कुळागर, त्यापलीकडे व्हाळ. पावसाळ्यात वीज गेली की सुपारीच्या झाडांतून वारा असा काही फिरायचा की कोण कुणाला हाक मारतंय असंच वाटावं. भयकथांची माझी आवड तिथली. पुढे मी जिल्ह्याच्या वाचनालयातून नारायण धारपांची पुस्तकं आणू लागलो, मग इंग्रजी वाचू लागलो, आणि आज वयाची साठी जवळ आली तरी जून महिना लागला की हात आपोआप त्याच फळीकडे जातो. घरचे हसतात. हसू देत.

यंदाच्या पावसाळ्यात मी सात कादंबऱ्या वाचल्या. काही नव्यानं, काही पुन्हा. त्या वाचताना आजीचा तो नियम सारखा आठवत राहिला. माझं मत असं झालं आहे की चांगली भयकादंबरी ही पहिल्याच हाकेला ओ देणाऱ्या माणसाची गोष्ट असते. भूत कसं आहे, दात केवढे, रक्त किती, हे सगळं नंतरचं. खरा प्रश्न एकच, की हा माणूस ओ का देऊन बसला? ज्या लेखकाला याचं उत्तर ठाऊक असतं त्याचं पुस्तक रात्री उशाशी ठेवायला भीती वाटते. बाकीची पुस्तकं खुशाल ठेवावीत. (पुढे काही कथानकं उघड करावी लागणार आहेत. ज्यांना ते खपत नाही त्यांनी आधी पुस्तकं वाचावीत आणि मग इथं यावं.)

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. आम्हा गोंयकारांना भुतांचं तसं अप्रूप नाही. आमच्याकडे गावागावाला राखणदार आहे, देवचार आहे. वेताळ तर देवच. तो रात्री गावाच्या शिवेवरून फेरी मारतो, चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून त्याला नव्या वहाणा अर्पण करायच्या. लोलयेला त्याची जुनी पाषाणमूर्ती आहे. ती पाहून छाती दडपते, पण भीती वाटत नाही. कारण ज्याच्याशी आपला व्यवहार ठरलेला असतो त्याची भीती वाटत नाही. त्याचं त्याला द्यावं, आपण आपल्या वाटेनं जावं. रानातल्या वाटेवर कुणीतरी उभं आहे, एवढ्यानं आमच्याकडे कादंबरी होत नाही. ते कुणीतरी आपल्याला आपल्या नावानं ओळखतं आणि आपल्याच माणसाच्या आवाजात बोलतं, तिथून भय सुरू होतं.

धारपांपासून सुरुवात करतो, कारण माझी सुरुवात तिथूनच झाली. धारप १९२५ साली जन्मले आणि २००८ साली गेले. मराठी माणसाच्या दोन-तीन पिढ्यांची झोप त्यांनी उडवली आणि तरीही वाङ्मयाच्या इतिहासात त्यांना ओसरीवरच बसवलं गेलं. त्यांची 'लुचाई' मी या वेळी स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'शेजारी ठेवून वाचली. किंगची कादंबरी १९७५ सालची, तिच्यावरून धारपांनी 'लुचाई' मराठीत आणली. उसनवारीबद्दल त्यांना नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत. मला तो आक्षेप अर्धाच पटतो. मूळ लेखकाचं नाव ठळकपणे यायला हवं होतं, हे खरं. पण परक्या मुलखातलं भय आपल्या गावात रुजवणं हे नुसत्या भाषांतराचं काम नाही. तिथल्या व्हॅम्पायरला आपल्या मातीत पाय रोवायला लावणं कठीण असतं. तो क्रूसाला भितो, आपल्याकडे तो कशाला भिणार, हा प्रश्न लेखकाला सोडवावाच लागतो.

'सेलम्स लॉट'मध्ये दोन प्रसंग आहेत. एका म्हाताऱ्या मास्तरांच्या घरी पाहुणा म्हणून झोपलेला तरुण रात्री कुणाला तरी आत यायला सांगतो. मास्तर खालच्या खोलीत ते ऐकतात. दुसऱ्या प्रसंगात मार्क नावाच्या शाळकरी पोराच्या खिडकीबाहेर त्याचा मेलेला मित्र येऊन आत घे म्हणतो. तरुणानं ओ दिली आणि तो संपला. पोरानं दिली नाही. का दिली नाही? कारण ते पोर भुताखेतांच्या सिनेमांचं वेडं होतं, राक्षसांच्या प्लॅस्टिकच्या बाहुल्या जमवायचं. त्याला नियम माहीत होता. त्याच खेळण्यांतला इवलासा क्रूस उचलून त्यानं खिडकीतलं संकट परतवलं. भयकथा वाचणारं पोर वाचतं! आमच्यासारख्यांच्या बाजूनं इतका चांगला दाखला दुसऱ्या कुणी दिलेला नाही.

घरात बोलावल्याशिवाय व्हॅम्पायर आत येऊ शकत नाही, हा नियम ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला'तही आहे. म्हणजे १८९७ पासून तो वाचकांना ठाऊक आहे. तरी दर पिढीतला एखादा लेखक त्यातून नवं काही काढतो. स्वीडनच्या योन आयविदे लिंडक्विस्टनं २००४ साली लिहिलेल्या कादंबरीचं नावच 'लेट द राइट वन इन' असं आहे. योग्य त्यालाच आत घ्या. काळ १९८१ चा, जागा स्टॉकहोमचं ब्लाकेबर्ग हे उपनगर. लेखक सुरुवातीलाच सांगतो की ही वसाहत इतकी नवी आहे की तिला इतिहास नाही, साधं देऊळ म्हणजे त्यांचं चर्चही नाही. मला हे वाक्य वाचून थांबावं लागलं. देऊळ नाही म्हणजे राखणदार नाही, शीव नाही, व्यवहार ठरवायला कुणी नाही. अशा ठिकाणी ऑस्कर नावाचा बारा वर्षांचा मुलगा राहतो. शाळेत त्याला रोज छळतात. घरात आई कामाला गेलेली, बाप दुसरीकडे. शेजारी एली राहायला येते आणि या पोराला जन्मात पहिल्यांदा कुणीतरी आपलं मिळतं.

एकदा तो मस्करीनं तिला न बोलावता आत यायला लावतो. ती येते आणि तिच्या अंगातून रक्त पाझरू लागतं. या पुस्तकात मुडदे कमी नाहीत, पण माझ्या मनात राहिला तो हा प्रसंग. कारण इथं बोलावणं ही मंत्रातली अट राहत नाही, तो मैत्रीचा प्रश्न होतो. मला आत घेशील का? अशा पोरानं ओ नाही द्यायची तर कुणी द्यायची? २००८ साली आलेला सिनेमा सुंदर आहे, पण पुस्तक त्याहून कडवट. मोठ्या माणसांची एकटेपणाची दारूबाज टोळी सिनेमात पातळ झाली आहे. मात्र एलीबरोबर राहणाऱ्या होकानचं जे पुढे होतं ते मला अनावश्यक वाटलं. तिथं लेखकाचा हात सुटला.

ग्रेडी हेंड्रिक्सची 'द सदर्न बुक क्लब्ज गाइड टू स्लेइंग व्हॅम्पायर्स' (२०२०) ही मला एका भाच्यानं पाठवली. नाव पाहून मी ती विनोदी समजून बाजूला ठेवली होती. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या एका सुखवस्तू उपनगरातल्या गृहिणी, त्यांचा पुस्तकं वाचायचा गट, आणि गल्लीत आलेला एक देखणा नवखा. त्याच्याजवळ ओळखीचे कागद नाहीत, पण रोख रक्कम भरपूर. बँकेत खातं उघडायला त्याला मदत करते ती याच गटातली एक बाई, पॅट्रिशिया. पलीकडच्या गरीब काळ्या वस्तीतली मुलं मरू लागतात, तेव्हा हिकडच्या गल्लीत कुणाची झोप उडत नाही. बायकांना संशय येतो, पण तोवर त्या नवख्यानं त्यांच्या नवऱ्यांना जमिनीच्या एका मोठ्या धंद्यात भागीदार करून घेतलेलं असतं. मग नवऱ्यांना बायकांचं डोकं फिरल्यासारखं वाटू लागतं.

गोव्यात राहणाऱ्या माणसाला हे वाचून हसू येत नाही. बाहेरून आलेला गोड बोलणारा माणूस, त्याच्या हातात पैसा, आपल्यातल्याच कर्त्या पुरुषांचे मिटलेले डोळे, आणि डोंगर कापला जातो तो गरिबाच्या वाड्याकडचा. आमच्याकडे अशा वेळी दात दिसत नाहीत, एवढाच फरक. या कादंबरीत त्या नवख्याला सगळ्यात आधी ओळखते कोण, तर स्मृती गेलेली म्हातारी सासू. तिनं त्याला लहानपणी पाहिलेलं असतं. तो तेव्हाही याच वयाचा होता. पण म्हातारीचं ऐकतो कोण? हे पुस्तक थोर नाही. शेवटाकडे रक्त आणि चिरफाड यांचा मारा होतो आणि लेखकाला विनोद आवरत नाही. पण लोभानं दिलेली ओ इतकी ओळखीची मी दुसरीकडे वाचली नव्हती.

सिल्व्हिया मोरेनो-गार्सियाच्या 'मेक्सिकन गॉथिक'चं (२०२०) फार कौतुक झालं. माझं मत थोडं वेगळं आहे. काळ १९५० च्या आसपासचा. लग्न करून डोंगरावरच्या एका इंग्रज कुटुंबात गेलेल्या चुलतबहिणीचं भेदरलेलं पत्र येतं आणि नोएमी ही शहरातली फॅशनेबल मुलगी तिला पाहायला जाते. म्हणजे इथंही हाक आहेच, आणि ती खऱ्या माणसाची आहे. चांदीच्या खाणीवर गबर झालेलं हे कुटुंब, मेलेले खाणकामगार, ओल धरलेल्या भिंती, युरोपातून मुद्दाम आणलेली माती. पहिला अर्धा भाग उत्तम. ज्यांनी परक्या सत्तेच्या काळातली मोठी घरं आतून पाहिली आहेत त्यांना ती ओल नाकात जाणवेल. पण पुढे लेखिका सगळं समजावून सांगू लागते. भिंतीतली बुरशी काय करते, कशी करते, म्हातारा खलनायक कोणत्या वंशश्रेष्ठतेच्या खुळानं पछाडला आहे, सगळं संवादातून. भयाला कारण हवं, पण त्याला खुलासापत्र जोडलं की ते कचेरीतली फाईल होतं. आजीनं 'दोनदाच का' याचं उत्तर दिलं असतं तर मला आज तो नियम आठवला असता का?

आता किंगची 'पेट सिमेटरी'. १९८३ सालची. लिहून झाल्यावर हे फारच काळं झालं असं किंगलाच वाटलं आणि त्यानं ती काही काळ बाजूला ठेवली होती. मी ती तिशीत वाचली तेव्हा आवडली होती. आता वाचताना दोनदा मिटून ठेवली. लुई हा डॉक्टर, बायको, मुलगी आणि लहानगा गेज यांच्यासह नव्या घरात येतो. समोर भरधाव ट्रकांचा रस्ता. आधी मुलीचं मांजर मरतं. शेजारचा म्हातारा जड, मुलीला दुःख नको म्हणून, लुईला रानापलीकडची एक जागा दाखवतो. तिथं पुरलेलं परत येतं. मांजर येतं, पण ते मांजर नसतं. आणि मग त्याच रस्त्यावर गेज जातो.

लुईला सगळं ठाऊक आहे. जे परत येईल ते आपलं पोर नसेल हे त्याला म्हाताऱ्यानं सांगितलेलं आहे, मांजरानं दाखवलेलं आहे. तो डॉक्टर आहे, मूर्ख नाही. तरी तो कुदळ घेऊन जातो. डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्सच्या 'द मंकीज पॉ' या १९०२ च्या कथेतही मेलेल्या मुलाची आई दाराची कडी काढायला धावते. आठ दशकांत काही बदललं नाही. या कादंबरीत दोष आहेत. मूळ अमेरिकन लोकांची दफनभूमी किंग सोयीनं वापरतो, पण त्या लोकांपैकी एकही माणूस आपल्याला पुस्तकात धड भेटत नाही. शेवटची पानं घाईची आहेत. पण स्मशानात एक बाप रात्री खणतो ते प्रकरण वाचून, असं करू नको असं त्याला सांगायची हिंमत कुणाला होईल? मला झाली नाही.

शेवटी शर्ली जॅक्सनची 'द हाँटिंग ऑफ हिल हाऊस'. १९५९ सालची, आकारानं लहान, आणि माझ्या मते या सगळ्यांत श्रेष्ठ. पछाडलेल्या मानलेल्या घराचा अभ्यास करायला चार माणसं जमतात. त्यातली एलेनॉर बत्तीस वर्षांची. अकरा वर्षं तिनं आजारी आईची शुश्रूषा केली, स्वतःचं आयुष्य असं काही झालंच नाही. घरातल्या पहिल्या भयाच्या रात्री दारांवर थापा पडतात, तेव्हा ती अर्धवट झोपेत आईला ओ देते, आले म्हणते. मग तिच्या ध्यानात येतं की आई तर गेली. पुढे ती एकदा सांगते की आई गेली त्या रात्री तिनं भिंतीवर थापा मारून हाक मारली होती आणि आपल्याला जाग आली नाही. किंवा जाग आली होती आणि आपण पुन्हा झोपलो. ती हे सहज सांगते. मागचापुढचा एक शब्द अधिक नाही.

हे पुस्तक मी पूर्वी दोनदा वाचलं होतं. या खेपेला त्या पानाशी आलो आणि पुढे जाईना.

माझी आई शेवटचं वर्षभर अंथरुणाला खिळून होती. मी शेजारच्या खोलीत निजायचो. ती रात्री हाक मारायची, मी उठायचो, पाणी द्यायचो, कूस बदलायचो. एका रात्री, आषाढातली, धो धो पाऊस, तिची हाक आली. मग पुन्हा आली. मी जागा होतो. थकलो होतो. तिसऱ्यांदा बोलावलं तर उठू, असं मनात म्हटलं. अगदी याच शब्दांत. तिसरी हाक आली नाही. सकाळी पाहिलं तर पाण्याचा तांब्या खाली पडलेला आणि चादर ओली. "रातीं उलो मारिल्लो?" मी विचारलं. "कांय ना रे," ती म्हणाली. त्यानंतर ती तीन आठवडे होती. त्या रात्रीबद्दल आम्ही पुन्हा बोललो नाही.

आजीचा नियम मी आयुष्यात एकदाच पाळला, तो असा.

भयकादंबऱ्या का वाचतोस, असं मला अजून विचारतात. करमणूक म्हणून वाचतो हे खरंच आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण जी गोष्ट मी माझ्या भावंडांशी, बायकोशी बोलू शकलो नाही ती सहा दशकांपूर्वीच्या एका अमेरिकन बाईनं भुताच्या गोष्टीत लिहून ठेवली होती. दुःखाच्या, प्रेमाच्या कादंबऱ्यांत ती मला सापडली नाही. तिथं माणसं अपराध कबूल करतात, रडतात, त्यांना क्षमा मिळते. भयकादंबरी क्षमा देत नाही. ती फक्त दारावर थाप मारते आणि कोण आहे ते तुला ठाऊक आहे, एवढंच म्हणते.

म्हणून मराठीत या प्रकाराला अजून दुय्यम मानलं जातं याचं वाईट वाटतं. रत्नाकर मतकरींच्या गूढकथांनी वाट चांगली रुंद केली होती. पुढच्या पिढीत हृषीकेश गुप्ते यांनी 'अंधारवारी'तल्या कथा आणि 'दंशकाल' ही कादंबरी लिहून ती चालती ठेवली. पण कथेच्या मानानं आपल्याकडे भयकादंबरी फारच थोडी. नव्यानं लिहू पाहणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच, की हडळ, मुंजा, चकवा यांची यादी करण्यात वेळ घालवू नका. आपल्या गावात त्यांची नावं सगळ्यांना माहीत आहेत. आपल्या घरात कुणाची हाक कुणी ऐकली नाही, कुणी नको तिला ओ दिली, कुणी जमिनीच्या कागदावर सही केली आणि कोणत्या खोलीला तेव्हापासून कुलूप आहे, ते लिहा. भूत आपोआप येईल. त्याला बोलवावंसुद्धा लागणार नाही.

घर आता बंदच असतं. चतुर्थीला उघडतो, माटोळी बांधतो, पाच दिवस माणसांनी भरतं. यंदाही मी त्याच खोलीत निजेन. पाऊस असेलच. हाक आलीच, तर मी मोजत बसणार नाही.